पुनरारंभ आणि सुधारणा

मनुष्याच्या नैतिक जीवनांत 'पुन्हां आरंभ करणें' ह्या क्रियेस फार मोठें स्थान दिलें गेलें आहे. पाडव्याच्या दिवशींचे नवे संकल्प, दुखण्यांतून उठल्यावर घालून घेतलेले नवे नियम, भांडणानंतर 'झालें गेलें गंगेस मिळालें' असें म्हणून पुन्हां सुरू केलेलें जाणेंयेणें, हीं सर्व एकाच श्रद्धेचीं रूपें आहेत. आरंभ नवा केला कीं पुढचें सर्व आपोआप नवें होईल, अशी ही श्रद्धा होय. तिच्यांत सत्याचा अंशच नाहीं असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. परंतु आरंभ नवा असूनही शेवट जुनाच व्हावा, आणि तो एकदां नव्हे तर वारंवार व्हावा, असें कां घडतें, ह्या प्रश्नाचा जितका विचार व्हावयास पाहिजे तितका होत नाहीं. गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरच्या संगणकानें तीन दिवस आमची जी अवस्था करून सोडली, तीमुळें ह्या प्रश्नाकडे आमचें लक्ष वेधलें. निमित्त क्षुल्लक असलें तरी विषय तसा नाहीं. म्हणून प्रथम निमित्तच सांगतों.

एका शनिवारीं रात्रीं आम्ही एका विद्यार्थ्याच्या प्रबंधावर अभिप्राय लिहीत बसलों होतों. लिहिणें संपतें न संपतें तोंच पडद्यावर सूचना उमटली कीं, आपल्या यंत्राकरितां नवी सुधारणा आली आहे. ती बसविण्यासाठीं यंत्र बंद करून पुन्हां सुरू करावें लागेल. हल्लींच्या बोलण्यांत ह्या सुधारणेस 'अपडेट' आणि ह्या बंद-सुरू करण्यास 'रीस्टार्ट' म्हणतात. सुधारणेस नकार देणें आमच्यासारख्या शिक्षकास जड जातें. आम्हीं रुकार दिला. शेंकड्याचे आंकडे चढूं लागले. तिसापाशीं यंत्र अंधारलें, पुन्हां उजळलें, आणि बदल पूर्ण करतां आले नाहींत, केलेले बदल परत घेत आहोंत, संगणक बंद करूं नका, अशा अर्थाचीं अक्षरें उमटलीं. कांहीं वेळानें पुन्हां अंधार, पुन्हां बनविणाराचें चिन्ह, पुन्हां शून्यापासून आंकडे, आणि पुन्हां तिसापाशीं माघार! रात्रीं दोन वाजेपर्यंत आम्ही हा प्रकार पाहत बसलों. शेवटीं आमच्या पत्नीनें येऊन म्हटलें, "अहो, तें दमत नसलें तरी तुम्ही दमतां. आतां निजा."

रविवार आम्हीं आमच्या परीच्या उपायांत घालविला. बटण दाबून धरून यंत्र बंद करावें, वायर काढावी, घटकाभर थांबावें, पुन्हां लावावी. असें किती वेळां केलें याची गणती नाहीं. ह्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक वेळीं आमच्या मनांत खरोखरीची आशा उत्पन्न होत असे. दहाव्या वेळची आशा पहिल्या वेळच्या आशेहून रतिभरही उणी नव्हती. मागचे नऊ प्रयत्न फुकट गेले ह्या ज्ञानाचा त्या आशेवर कांहींच परिणाम होत नसे. कारण यंत्र काळोखांतून उजेडांत येतांना दर खेपेस अगदीं तसेंच निरागस दिसे.

आंत काय चाललें होतें हें आम्हांस मागाहून समजलें, आणि तें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संगणक चालू असतां त्याच्या मूळ कार्यप्रणालीच्या ज्या फायली वापरांत असतात, त्या त्याच वेळीं बदलतां येत नाहींत. ज्या खाटेवर आपण निजलों आहों तिची नवार निजल्या निजल्या बदलतां येत नाहीं, तसाच हा प्रकार. म्हणून यंत्र आधीं बंद होतें, आणि पुन्हां पुरतें जागें होण्यापूर्वींच्या अवस्थेंत जुन्या फायलींच्या जागीं नव्या घालतें. ह्या वेळीं जागा अपुरी पडली, वीज गेली, एखादी फाईल बिघडलेली निघाली, किंवा आंतला एखादा जुना भाग नव्याशीं जमेना, तर तें केलेलें सर्व परत घेतें. ही माघार हा दोष नसून गुण आहे. कारण अर्धें जुनें आणि अर्धें नवें असें यंत्र मुळींच चालणार नाहीं, त्यापेक्षां सगळें जुनें बरें. दोष आहे तो पुढें. माघार पुरी झाल्यावरही 'ही सुधारणा बसवावयाची आहे' ही आज्ञा यादींत तशीच उभी राहते, आणि ज्या कारणानें ती अडली तें कारणही जागच्या जागीं राहतें. आज्ञा कायम आणि अडथळाही कायम. मग मधला प्रवास शंभरदां केला तरी पोंचण्याचें ठिकाण बदलणार कसें?

सोमवारीं सायंकाळीं आमचा भाचा आला. तो ह्याच धंद्यांतला आहे.

"मामा, किती वेळां बंद-सुरू केलेंत?" त्यानें विचारलें.

"मोजलें नाहीं," आम्हीं म्हटलें.

"तुम्हीं नसेल मोजलें, पण तें मोजत असतें. लागोपाठ दोन-तीनदां नीट उठतां आलें नाहीं, कीं तें स्वतःच दुरुस्तीचा पडदा पुढें करतें. निळा पडदा आला होता का?"

आला होता. एकदां नव्हे, दोनदां आला होता. आणि तोही बिघाडाचाच एक भाग समजून आम्हीं बटण दाबून तो मालविला होता. जेथें थांबावयास पाहिजे होतें तेथेंच आम्हीं पुन्हां आरंभ केला होता.

भाच्यानें प्रथम प्रिंटर, बाहेरची डिस्क वगैरे जें जें यंत्रास जोडलेलें होतें तें सर्व सोडविलें. त्यानें भागलें नाहीं. मग तो निळा पडदा त्यानें मुद्दाम आणविला. ह्या पडद्यामागील कार्यक्रम डिस्कच्या एका वेगळ्या कप्प्यांत ठेविलेला असतो, आणि नेहमींच्या कार्यप्रणालीवर तो अवलंबून नसतो. पुढें जाण्यास ४८ आंकड्यांची एक किल्ली मागण्यांत आली. ती कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नव्हतें. "माझ्याकडे आहे," भाचा म्हणाला, "यंत्र घेतलें त्या दिवशीं तुम्हींच मला सांगितलें होतें, तूंच ठेव म्हणून." आम्हीं सांगितलें होतें, आणि सांगितलें होतें हेंही विसरलों होतों. किल्ली मिळाल्यावर त्यानें यंत्र 'सेफ मोड' नांवाच्या अवस्थेंत सुरू केलें. ह्या अवस्थेंत यंत्र आपल्या सर्व परिवारासह उठत नाहीं. उभें राहण्यापुरतें जें अगदीं अवश्य तेवढेंच बरोबर घेतें. पडदा ओबडधोबड दिसतो, बहुतेक सोयी नसतात. पण यंत्र जागें असतें आणि त्याच्याशीं बोलतां येतें.

तेथें अपराधी सांपडला. यंत्र नवें असतां आम्हीं विषाणूंपासून त्याचें रक्षण करणारा एक कार्यक्रम विकत घेऊन बसविला होता. त्याची मुदत संपून चार वर्षें झालीं होतीं, आणि तो आपण काढून टाकला अशी आमची समजूत होती. परंतु त्याचा एक भाग, ज्यास 'ड्रायव्हर' म्हणतात तो, आंत खोलवर राहून गेला होता. पहारेकऱ्याचें काम असें कीं, त्यानें सर्वांच्या आधीं उठावें. त्याप्रमाणें बडतर्फ झालेला हा पहारेकरी चार वर्षें रोज सर्वांच्या आधीं उठून दारांत बसत होता, आणि ह्या वेळीं आंत येऊं पाहणाऱ्या नव्या फायलींना त्यानें शत्रु ठरविलें होतें. भाच्यानें त्याचा उरलासुरला भाग काढला, अर्धवट उतरलेल्या अपडेटच्या फायली पुसल्या, आणि यंत्र पुन्हां सुरू केलें. तिसाचा आंकडा ओलांडला गेला तेव्हां आम्हांस झालेला आनंद आमच्या वयास शोभण्यासारखा नव्हता.

येथपर्यंत निमित्त झालें. आतां त्यांतून जो प्रश्न निघतो त्याकडे वळूं.

पुनरारंभाचा मोह कशांत आहे? आम्हांस वाटतें, तो विस्मृतींत आहे. नवा आरंभ आपणांस मागच्या अपयशाचा हिशेब देण्यापासून सोडवितो. परंतु जें आपण विसरतों तें आपल्यांतून जात नाहीं. तें केवळ आपल्या दृष्टीआड होतें. इतकेंच नव्हे, तर आपण जागे होण्यापूर्वींच तें जागें झालेलें असतें. संकल्प करणारें मन सकाळीं आठ वाजतां उठून म्हणतें, 'आजपासून रागावणार नाहीं'. पण ज्याच्यामुळें राग येतो तें मन सहा वाजल्यापासून दारांत बसलेलें असतें. संकल्प दुबळा म्हणून मोडत नाहीं. तो उशिरां उठतो म्हणून मोडतो. आणि जें आधीं उठतें तें बहुधा कोणत्या तरी काळीं आपल्या रक्षणासाठींच नेमलेलें असतें, ही ह्यांतली खरी अडचण आहे.

जगाला ह्याचा प्रत्यय फार मोठ्या प्रमाणावर ता. १९ जुलै २०२४ रोजीं आला. क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीचा 'फाल्कन' नांवाचा रक्षक कार्यक्रम पुष्कळ मोठ्या संस्थांच्या संगणकांत बसविलेला असे. त्या दिवशीं भारतीय वेळेप्रमाणें सकाळीं साडेनऊच्या सुमारास कंपनीनें त्याच्याकरितां एक लहानशी नवी फाईल धाडली. तिच्यांत एकविसावा रकाना वाचण्याची अपेक्षा होती, आणि कार्यक्रमास पुरविलेले रकाने वीसच होते. नसलेला रकाना वाचावयास जाऊन रक्षक कोसळला, आणि तो यंत्राच्या गाभ्यांत बसलेला असल्यामुळें त्याच्याबरोबर सगळें यंत्र कोसळलें. यंत्र पुन्हां सुरू होई. रक्षक नियमाप्रमाणें सर्वांच्या आधीं उठे. तीच फाईल वाची. आणि पुन्हां कोसळे. कंपनीनें ती फाईल ७८ मिनिटांत मागें घेतली, तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें तेवढ्यांत ८५ लाख यंत्रें सांपडलीं होतीं. विंडोज चालविणाऱ्या एकंदर यंत्रांच्या मानानें ही संख्या शेंकडा एकाहूनही कमी; पण विमानतळ, बँका व रुग्णालयें ह्यांचे व्यवहार ठिकठिकाणीं थांबले, आणि आपल्याकडेही कांहीं विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. शत्रु कोणी आलाच नव्हता. जो राखणीस ठेविला होता त्यानेंच घराचें दार आंतून अडविलें होतें.

त्यावरचा उपाय विचार करण्याजोगा आहे. यंत्र सेफ मोडमध्यें, म्हणजे रक्षकास निजलेला ठेवून सुरू करावयाचें, ती एक फाईल पुसावयाची, आणि मग नेहमींप्रमाणें सुरू करावयाचें. काम दहा-पंधरा मिनिटांचें. पण तें दूर बसून होईना, प्रत्येक यंत्रापाशीं माणसास जावें लागलें. दुसरीही एक गोष्ट त्या वेळीं दिसून आली. मायक्रोसॉफ्टच्या दूरस्थ केंद्रांतील कांहीं यंत्रें केवळ पुन्हां पुन्हां सुरू करूनच सुधारलीं; एखाद्यास पंधरा खेपा लागल्या. मग पुनरारंभ व्यर्थ कसा, असें कोणी विचारील. परंतु हें कसें घडलें तें पाहावें. यंत्र उठल्यापासून कोसळेपर्यंत जो क्षणभराचा अवकाश मिळे, तेवढ्यांत एखादे वेळीं बाहेरून दुरुस्त फाईल येऊन पोंचे. म्हणजे यश आरंभाच्या संख्येनें आलें नाहीं. त्या अवकाशांत बाहेरचें कांहीं आंत येऊं शकलें, म्हणून आलें. ज्या यंत्राचा बाहेरशीं संबंध तुटलेला होता तें शंभरदां उठलें असतें तरी शंभरदां पडलें असतें.

ह्याहूनही बोलकें उदाहरण पृथ्वीबाहेरचें आहे. २००४ च्या जानेवारींत 'स्पिरिट' नांवाची अमेरिकेची गाडी मंगळावर उतरली, आणि अठराव्या मंगळदिनीं अकस्मात् अबोल झाली. पुढें कळलें कीं, तिचा संगणक पुन्हां पुन्हां बंद होऊन सुरू होत आहे. तीन दिवसांत साठांहून अधिक वेळां हा फेरा झाला. ह्या फेऱ्यांत अडकल्यामुळें गाडीस रात्रीं निजतां येईना, आणि तिच्या विजेच्या सांठ्यास ओहोटी लागली. कारण बाह्यतः किरकोळ होतें. तिच्या कायमच्या स्मृतिकोशांत फायली फार सांचल्या होत्या. उठतांना त्या सर्वांची याद जुळवावयास जी हातची जागा लागे ती पुरत नसे. त्यांतल्या पुष्कळ फायली मंगळाच्या वाटेवरल्या प्रवासाच्या वेळच्या, म्हणजे ज्यांचें काम संपलें होतें अशा, होत्या. त्या काढून टाकण्याची योजनाही ठरली होती. पण ती पार पडण्यापूर्वींच गाडी अडली. पृथ्वीवरील तज्ज्ञांनीं तिला आज्ञा केली ती अशी कीं, स्मृतिकोशास हात न लावतां ऊठ. ती उठली. मग सावकाशीनें कोश उघडून पाहण्यांत आला, दोष शोधण्यांत आला, अनावश्यक तें काढण्यांत आलें, आणि कोश नव्यानें मांडण्यांत आला. नव्वद मंगळदिनांच्या हिशेबानें धाडलेली ती गाडी त्यानंतर सहा वर्षें पृथ्वीशीं बोलत होती; २०१० च्या मार्चमध्यें तिचा शेवटचा निरोप आला.

आतां मूळ प्रश्न. ज्या मनांत बिघाड आहे त्याच मनानें तो बिघाड दुरुस्त करावयाचा, हें शक्य आहे काय? आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं एक दृष्टांत वापरला आहे: नट कितीही तरबेज झाला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं. उलट भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायांत आपला उद्धार आपणच करण्याची गोष्ट आली आहे. अॅरिस्टॉटलनेंही आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागांत हाच पेंच वेगळ्या रीतीनें मांडला आहे: न्यायी कृत्यें केल्यानें माणूस न्यायी होतो हें खरें, पण जो आधींच न्यायी नाहीं तो न्यायी कृत्यें करणार कशीं? विल्यम जेम्स ह्यानें १८९० च्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत असा उपदेश केला आहे कीं, नव्या संवयीचा आरंभ शक्य तितक्या जोरानें करावा आणि ती मुरेपर्यंत एकही अपवाद होऊं देऊं नये. उपदेश हिताचा आहे. पण ज्याचा आरंभ दर वेळीं जोराचाच होतो आणि तरीही जो दर वेळीं तिसाव्या आंकड्यापाशींच परततो, त्याला तो पुरेसा नाहीं. अशा माणसास जोर कमी पडलेला नसतो.

आमच्या मतें नटाचा दृष्टांत आणि गीतेचें वचन ह्यांत वाटतो तितका विरोध नाहीं. सबंध यंत्र सबंध यंत्रास दुरुस्त करूं शकत नाहीं, हें खरें. परंतु यंत्राचा एक लहानसा कप्पा बाकीच्या उलाढालींपासून अलग ठेविलेला असेल, तर त्या कप्प्यांत उभें राहून बाकीच्याकडे पाहतां येतें. मनुष्याच्या ठिकाणीं ह्या कप्प्यास आपण विवेक म्हणतों. ह्याविषयीं तीन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, हा कप्पा बरे दिवस असतां राखून ठेवावा लागतो. भांडणाच्या ऐन भरांत तो नव्यानें तयार करतां येत नाहीं. दुसरी, तेथें जावयाचें तर थोडक्या गोष्टींनिशीं जावें लागतें. सगळा मान, सगळा इतिहास, सगळी हुशारी बरोबर घेऊन गेल्यास तो नेहमींचाच दिवाणखाना होतो. आणि तिसरी, त्याची किल्ली पुष्कळदां दुसऱ्याजवळ असते. आपण काय आहों हें आपणांस धड दिसत नाहीं अशा वेळीं तें ज्याला आठवतें, असा एखादा मित्र, बहीण किंवा पत्नी प्रत्येकास असली पाहिजे. आणि ती किल्ली आपणच कधींकाळीं विश्वासानें दिलेली असली पाहिजे.

यावर असा आक्षेप येईल कीं, यंत्रावरून माणसाची परीक्षा करणें अयोग्य आहे. यंत्रांतील जुना ड्रायव्हर निरुपयोगी असतो, तो पुसला म्हणजे झालें. माणसाची जुनी सल निरुपयोगी नसते, तिच्यांत बहुधा कांहीं खरें असतें. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि दृष्टांत जेथें तुटतो तें हेंच ठिकाण होय. माणसाची स्मृति पुसतां येत नाहीं. येत असती तरी पुसूं नये. ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला त्यास 'विसरून जा' म्हणून सांगणें हा दुसरा अन्याय आहे. परंतु मंगळावरच्या गाडीला कोणी 'विसर' असें सांगितलें नव्हतें. आधीं ऊठ आणि मग आठव, एवढेंच सांगितलें होतें. सल खरी असो; तिनें सर्वांच्या आधीं उठून दारांत बसावें कीं काय, एवढाच प्रश्न आहे.

हें सर्व आम्हीं परक्याप्रमाणें लिहिलें. परंतु ज्यामुळें लिहावेंसें वाटलें तें घरचेंच आहे. आमच्या वडिलांचें शेवटचें दुखणें २०११ सालीं गांवीं झालें. आम्ही शहरांत, परीक्षांच्या कामांत. धाकटे बंधु गांवीं. पैशाची तोशीस आम्हीं पडूं दिली नाहीं. पण चार महिन्यांत दोनदांच गेलों, आणि शेवटच्या दिवशीं पोंचलों नाहीं. तेराव्या दिवशीं बंधु म्हणाले, "दादा, तुम्हीं पैसे पाठवलेत, माणूस पाठवलें नाहींत." तेव्हांपासून दर दिवाळीस आम्हां दोघांपैकीं कोणीतरी फोन करतो. दर वेळीं झालें गेलें विसरण्याचा मनापासून निश्चय असतो; दहा मिनिटांत बोलणें त्याच वाक्यापाशीं येतें, आणि आम्ही दोघेही माघार घेतों. आमच्यापाशीं त्या वाक्यावर उत्तर तयार असे: कोणत्या तारखेस किती रक्कम धाडली, कोणती रजा मागितली होती, ती कां मिळाली नाहीं. सगळें खरें, कागदही आहेत. पण हें उत्तर बंधूंचें वाक्य पुरें होण्यापूर्वींच उठून उभें राहत असे, आणि तेरा वर्षें तें आमचें रक्षण करीत आहे अशी आमची समजूत होती.

यंत्र दुरुस्त झालें त्यानंतर थोड्याच दिवसांनीं बहिणीकडे जाणें झालें असतां, भाच्याच्या देखत आम्हीं ही गोष्ट काढली. ती म्हणाली, "दादा, त्यानें तुझ्याकडे हिशेब कधीं मागितलाच नव्हता." तेरा वर्षांत हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. जें मागितलें नाहीं तेंच आम्ही पुन्हां पुन्हां देत होतों.

ह्या दिवाळींत फोन आम्हीं केला. नव्या आरंभाची भाषा मुळींच काढली नाहीं. बंधूंच्या गुडघ्याची चौकशी केली, विहिरीचें पाणी विचारलें, पुतणीच्या परीक्षेचें विचारलें. थोडक्याच गोष्टी बरोबर घ्यावयाच्या असें ठरविलें होतें. शेवटीं वडिलांचा विषय त्यांनींच काढला, आणि तें जुनें वाक्य आलें. उत्तर उठूं लागलें, तेव्हां प्रथमच तें उठतांना आम्हांस दिसलें. आम्हीं म्हटलें, "खरें आहे. मी यायला हवें होतें." पलीकडे बराच वेळ शब्द आला नाहीं. मग बंधु म्हणाले, "हें म्हणायला फार उशीर केलात, दादा." आणि थोड्या वेळानें, "सुटींत या. विहिरीचें काम काढलें आहे, माणूस हवें."

यानें सर्व मिटलें असें आम्हांस वाटत नाहीं. बंधूंच्या दारांतही कोणीतरी पहारा करीत बसलेला असेलच, आणि आमचा पहारेकरी एका फोननें कायमचा गेला असेंही नाहीं. नाताळच्या सुटींत आम्ही गांवीं जाणार आहों. तेथें आमचें बोलणें पुन्हां अडण्याचा संभव आहे. अडलें तर तें कोठें आणि कोणत्या शब्दापाशीं अडलें, हें मात्र ह्या खेपेस आम्ही लक्षांत ठेवणार आहों.